मशीन म्हणे, हेडफोन लावलेत

खामगावच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आत येणारं माणूस अजूनही आधी माझ्या मागच्या पडद्याकडे बघतं. तिथून कोणी दादा बाहेर येतील, अशी त्याची अपेक्षा असते. पडद्यामागे मोडके कीबोर्ड आहेत आणि पाण्याचा माठ आहे. दुरुस्ती मी करते. हे मी एकदाच सांगते, दुसऱ्यांदा काम दाखवते.

माझी एक खोड आहे. माझ्या हाताखालून गेलेलं मशीन बिघडलं की मला तो माझा अपमान वाटतो. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या ताई, जुनंच होतं," तरी मी राहू देत नाही. घरचे याला हट्ट म्हणतात, मी धंदा म्हणते. दोन्हींत फार फरक नसावा.

ही गोष्ट कपाशीच्या त्या वाईट वर्षातली. बोंडाला अळी लागणार नाही म्हणून सगळ्यांनी बीटी बियाणं घेतलं होतं, आणि बरीच वर्षं ते खरंही ठरलं. त्या वर्षी मात्र बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. कापूस पिवळा, चिकटलेला, अर्धाच फुटलेला. दुकानात प्रिंटर घेऊन आलेला माणूसही आधी बोंडअळीचं सांगायचा आणि मग प्रिंटरचं. मी दोन्ही ऐकून घ्यायचे, पण इलाज माझ्याकडे प्रिंटरचाच होता.

एका शुक्रवारी घाटाखालच्या एका गावातून फोन आला. बोलणारी तिशीतली बाई होती आणि मी तिला चांगली ओळखत होते. शाळेत असतानाच तिची नजर कमी होत गेली आणि पुढे पूर्ण गेली. बुलढाण्याच्या एका संस्थेने शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा तिला काही महिने परीक्षा म्हणून घेतलं होतं. काम घरी बसूनच करायचं होतं. संस्थेतल्या शेतकी शिकलेल्या मुलांनी माहितीची पानं लिहून तिच्या लॅपटॉपमध्ये भरली होती. बोंडअळी, फवारणी, फवारताना घ्यायची काळजी, आणि फोन करणारा माणूस फारच खचलेला वाटला तर त्याच्याशी काय बोलायचं, त्याला कोणाकडे पाठवायचं, हेसुद्धा. फोन आला की ती एका कानाला मोबाइल धरायची आणि दुसऱ्या हाताने कळा दाबून पान शोधायची. लॅपटॉप ते पान मोठ्याने वाचायचा आणि ती ते वऱ्हाडीत शेतकऱ्याला सांगायची.

तो लॅपटॉप मीच तयार करून दिला होता. मशीन जुनं होतं, म्हणून त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. ते फुकट असतं, जुन्या मशीनला झेपतं, आणि पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय त्यात आधीच असते. त्यातला मराठी आवाज अगदी रुक्ष आहे, सर्दी झालेल्या तलाठ्यासारखा. ती पहिल्यांदा ऐकून खूप हसली होती. पुढे तिला सवय झाली आणि तिने त्या आवाजाचा वेग इतका वाढवला, की आमच्यासारख्यांना नुसती कलकल ऐकू यायची. तिला मात्र अक्षर न् अक्षर कळायचं.

तर हे मशीन चार-पाच दिवसांपासून मुकं होतं. तिने आवाजाची कळ वरपर्यंत दाबून पाहिली होती, बंद-चालू करून पाहिलं होतं. भावाने पडदा पाहिला, तर पडद्यावर सगळं नेहमीसारखं. मी म्हटलं, एसटीने दुकानात पाठवून दे, दोन-तीन दिवसांत करून देते.

"सोमवारी संस्थेच्या मॅडम येऊन राह्यल्या ताई," ती म्हणाली. "मले ठेवाचं का नाई, ते त्या दिवशी ठरते. मशीन बोललं नाई त मी कोणाले काय सांगू?"

स्पीकर गेला की डोळस माणसाचं गाणं बंद होतं, फार तर पिक्चर बंद होतो. तिचा तर पडदाच तो होता. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचं असं काम मिळालं होतं, ज्यात कोणाचा हात धरावा लागत नव्हता, आणि ते जायची वेळ आली होती. शिवाय मशीन माझं. शनिवारी सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि बुलढाण्याची गाडी पकडली.

घरात ती आणि तिची आई दोघीच होत्या. वडील आणि भाऊ वावरात गेले होते. पुढच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपर्यंत कापूस भरलेला. चांगला कापूस एका अंगाला, आणि अळीने खाल्लेला पिवळट, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात, तो दुसऱ्या अंगाला. मधल्या कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर लॅपटॉप. कापसाजवळ बसलं की अंगाला जी खाज सुटते ती मला पाच मिनिटांत सुटली. आईने मला पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

लिनक्सवर आवाज गेला की लोक लगेच लिनक्सला नावं ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नसलं तर आपण मोटरीपासून नळीपर्यंत बघत जातो ना, तसंच आवाजाचंही बघत जायचं असतं. मी आधी मशीनला विचारलं, तुझ्याकडे आवाजाचं कार्ड आहे का. ते म्हणालं, आहे. मग काळ्या पडद्यावर आवाजाच्या उभ्या पट्ट्या उघडल्या. मुख्य आवाज पूर्ण वर, स्पीकर पूर्ण वर, कुठेही बंदची खूण नाही. मग चाचणीचा आवाज सोडला. मशीन पडद्यावर लिहून दाखवत होतं, आता डावीकडे वाजवतोय, आता उजवीकडे वाजवतोय. खोलीत चिडीचूप.

म्हणजे मोटर चालू आहे आणि पाणी भलत्याच वावरात जातंय. मी आवाज कुठे जातो ते पान उघडलं आणि तिथे उत्तर लिहिलेलंच होतं. हेडफोन, आणि त्यापुढे, लावलेले आहेत. हेडफोन लावले की स्पीकर आपोआप बंद व्हायचा, हा लॅपटॉपचा रिवाजच आहे. पण या लॅपटॉपला हेडफोन होते कुठे? बाजूच्या भोकात काही खुपसलेलं दिसत नव्हतं. मी तिला विचारलं, कोणी कधी हेडफोन लावले होते का.

तिला हसू आलं. आंधळ्या माणसाने कान बुजवून कसं चालेल, असं तिने मलाच विचारलं. दारात कोण आलं, दूध उतू जातंय का, म्हैस सुटली का, सगळं तिला कानांनीच दिसायचं. घरात हेडफोन नावाची वस्तूच नव्हती.

मग मी ठरवून टाकलं की नव्या अपडेटने घोळ घातलाय. हेडफोन दिसले की स्पीकर बंद कर, असा जो हुकूम मशीनमध्ये असतो, तो मी काढून घेतला. त्याच क्षणी लॅपटॉप कलकल करायला लागला. मला एक अक्षर कळलं नाही. ती मात्र खुर्चीत ताठ झाली, तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ऐकत राहिली. मग म्हणाली, फरदडीचं पान आहे, जुनी कपाशी उभी ठेवून दुसरी वेचणी घेत बसू नका, अळी तिथेच पोसते, ते. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी ते लपवलंही नाही. एवढ्यासाठी लोक दोनदोन दिवस घालवतात, आणि मी चहाच्या आत केलं, असं मी बोलून दाखवलं.

आईने पदराला हात पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. मला वाटलं, या बाईला मशीनमधलं काय कळणार.

चहा झाल्यावर निघण्याआधी मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. ही माझी पद्धत आहे. दुरुस्त झालेलं मशीन परत उठून बसलं तरच ते दुरुस्त. मशीन उठलं आणि पुन्हा मुकं. पडद्यावर परत तेच, हेडफोन लावलेले आहेत.

मी केलेला बदल कायमचा करायची युक्ती मला येत होती. दोन ओळी लिहिल्या असत्या तर काम भागलं असतं आणि मला दुपारची गाडी मिळाली असती. पण मला राग आला. मशीन मुद्दाम खोटं बोलत नसतं. त्याला जे कळतं तेच ते सांगतं. इतकं छातीठोकपणे ते म्हणतंय की हेडफोन लावलेत, तर त्याला तसं का वाटतंय, हे शोधल्याशिवाय मी उठणार नव्हते. गळणाऱ्या छपराखाली बादली ठेवून जाणं माझ्या स्वभावात नाही.

मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्या बारीक भोकात पाहिलं. या भोकात एक नाजूक पत्ती असते. हेडफोनची पिन आत गेली की ती पत्ती बाजूला सरकते, आणि तेवढ्यावरून मशीन समजतं की हेडफोन लावले. पत्तीला काय, तिला पिनच हवी असं नाही. आत खोल, जिथे धातू चमकायला हवा होता, तिथे काहीतरी मळकट पिवळं दिसत होतं. मी बारीक चिमटा घातला, पकडलं आणि हळूहळू ओढलं. कापसाचा बोळा निघाला. आत असताना तो ज्वारीच्या दाण्याएवढा असेल, बाहेर येऊन फुगला. बॅटरी लावून मशीन चालू केलं, तर ते आपणहून बोलायला लागलं. पडद्यावर आता हेडफोनचं नावही नव्हतं. अपडेटला मी उगाच शिव्या घातल्या होत्या. काखेत कळसा होता आणि मी गावाला वळसा घालत बसले होते.

पण माझी जीभ कुठे थांबते. मी लगेच निकाल देऊन टाकला की घरात एवढा कापूस भरलाय, उडून गेला असेल आत, टेबल दुसरीकडे हलवा. आई चौकटीत परत येऊन उभी होती. ती पटकन हो म्हणाली, टेबल आजच हलवते म्हणाली.

"पाहू द्या बरं," असं म्हणून लेकीने माझ्यापुढे हात केला. मी तो बोळा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो दोन बोटांत धरून फिरवला, उलगडला, पुन्हा मिटला.

"उडून गेलेल्या कापसाले पीळ नसते, ताई," ती म्हणाली. "हा त वातीसारखा वळला हाय."

मग ती दाराकडे तोंड करून नुसतं म्हणाली, "माय."

मशीन कलकल करत होतं, ते मीच थांबवलं. आमच्याकडे कापूस कुठेही लागतो. बाटलीला बूच नसलं की कापूस, थंडीच्या वाऱ्यात कानात कापूस, उंदराच्या बिळात कापूस. जे भोक नको असतं ते कापसानेच बुजतं. आई पुढे आली आणि लेकीच्या खुर्चीमागे उभी राहून बोलायला लागली, आणि तिने काही लपवलं नाही.

"मीच कोंबला," ती म्हणाली. "आगपेटीच्या काडीनं. दिवसभर ते मशीन तुह्या कानाशी कचकच करते, आन् तू घास हातात धरून बसते. मांगच्या आठवड्यात त रडून राह्यली होती तू. मले वाटलं, त्या भोकातून आवाज येते. कोंबला, त बंद बी झाला."

पहिल्यांदा मला हसूच आलं. बाईने भलतंच भोक बुजवलं होतं. त्या भोकातून आवाज बाहेर येतच नाही. आणि तरी तिच्या दृष्टीने उपाय शंभर टक्के लागू पडला होता. मग माझ्या ध्यानात आलं की ती या घरात काय पाहत होती. फोन करणाऱ्याचं बोलणं लेकीच्या कानात जायचं, ते आईला ऐकूच येत नव्हतं. तिला ऐकू यायची फक्त मशीनची न कळणारी कलकल, आणि दिसायचा लेकीचा उतरत जाणारा चेहरा. कोणत्याही आईने तेच अनुमान काढलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, पण लेकीच्या मायेपोटी. मला त्या बाईचं वाईट वाटलं, आणि तिच्या लेकीची भीतीही वाटली, की आता ही काय बोलते.

ती चिडली नाही. मागे हात नेऊन तिने आईचा हात शोधला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

"माय, लोकाइचं रडणं या मोबाइलातून येते," ती म्हणाली. "ते कुठी बंद झालं? या चार दिसांत बी फोन येतच होते. त्याइले काय सांगाव, ते मशीन मले सांगत होतं. तू तेवढंच बंद केलं."

आईने विचारलं, "मंग चार दिस तू त्याइले काय सांगतलं?"

"काईच नाई. जे पाठ होतं ते सांगतलं. बाकीच्याइचं नुसतं आयकून घेतलं."

आई कापसाच्या ढिगालाच टेकून खाली बसली. मी उगाच लॅपटॉपचा पडदा पुसत राहिले. मागच्या आठवड्यात ती रडली होती ती कशामुळे, हे मी विचारलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. थोड्या वेळाने टेबलावरचा मोबाइल वाजला. लेकीचा हात तिथे पोचायच्या आत आईने तो उचलला आणि तिच्या हातात दिला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती कळा दाबत होती, मशीन कलकलत होतं, आणि मधूनमधून ती त्याला सांगत होती की उपटलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बांधावर रचून ठेवू नका, आणि विचारत होती की पोरंबाळं काय करतात, कितवीत हायेत. ती वेळ लावत होती, घाई करत नव्हती. मी माझी पिशवी भरली आणि त्यांना हातानेच येते म्हणून सांगून निघाले.

सोमवारी माझं दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड मी तीनदा चुकीचा टाकला. दुपारी तिचा फोन आला. मॅडम येऊन गेल्या, तासभर शेजारच्या खुर्चीत बसून फोन ऐकले आणि तिला कायम ठेवलं, असं तिने एका दमात सांगितलं. मी म्हटलं, मशीन नीट बोललं ना? तिने सांगितलं, मशीन बोललंच, पण माय पण बोलली. मॅडमनी निघताना तिला विचारलं होतं की घरात दिवसभर हे चालतं, तुम्हाला त्याचा त्रास होत असेल, लेकीचं काही दुसरं बघायचं का.

"मंग काय म्हटलं मायनं?" मी विचारलं.

"म्हणे, होते न त्रास. पोरगी जेवत नाई, मले झोप येत नाई. पन ज्याचा फोन येते त्याले बी माय असन कुठी. त्याच्यासंग कोणी बोललं पाह्यजे का नाई?"